गोल्डन सर्कल, दक्षिण किनारा की रेक्यानेस? आइसलँडमध्ये दोघांनी कुठे फिरावं

दोघंच जण, मुक्काम रेक्याविकला, फिरायला एक-दोन मोकळे दिवस आणि यादीत धबधबे, गीझर म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, ज्वालामुखीने घडवलेली जमीन. आइसलँडला निघालेल्यांचं गाडं बहुधा इथेच अडतं. राजधानीतून सकाळी निघून रात्रीपर्यंत परतता येईल अशा मुख्य वाटा तीन: पूर्वेकडची गोल्डन सर्कल, समुद्राला धरून वीक गावापर्यंत जाणारा दक्षिण किनारा आणि विमानतळ ज्यावर आहे ते रेक्यानेस द्वीपकल्प. तिन्हींची छायाचित्रं पाहिली की सगळं सारखंच हवंहवंसं वाटतं. प्रत्यक्षात मात्र या तीन वाटा तीन वेगळ्या देशांतल्या वाटाव्यात इतक्या वेगळ्या आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. हिवाळ्यात जाणार असाल आणि एकच दिवस असेल, तर गोल्डन सर्कल. उन्हाळ्यात एकच दिवस असेल, तर दक्षिण किनारा. रेक्यानेसला वेगळा दिवस काढण्यापेक्षा ते उतरायच्या किंवा निघायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवरच बघावं. गीझर पाहिल्याशिवाय परतायचंच नाही असा दोघांपैकी एकाचाही हट्ट असेल, तर ऋतू कुठलाही असो, गोल्डन सर्कलला पर्याय नाही. आता हे असं का, ते एकेक करून.

आधी उजेडाचा हिशेब

‘तुला काय बघायचंय?’ या प्रश्नाने सुरुवात झाली की दोघांच्या याद्या वाढतच जातात. त्याआधी उजेड किती आहे ते पाहावं. २१ डिसेंबरच्या सुमारास रेक्याविकला सूर्य साडेअकराच्या आसपास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. आगेमागे थोडा संधिप्रकाश मिळतो, पण कामाचा उजेड चार-पाच तासांचाच. उलट जूनच्या शेवटी सूर्य २१ तास वर असतो आणि पूर्ण काळोख होतच नाही. रात्री दहालाही धबधब्यावर ऊन असतं.

आता अंतरं. गोल्डन सर्कलमधलं पहिलं ठिकाण थिंगवेलिर रेक्याविकपासून ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून पुढे गीझरचं ठिकाण गेसिर आणि गेसिरपासून गुल्फॉस धबधबा जेमतेम दहा किलोमीटरवर. पूर्ण फेरा अडीचशे किलोमीटरच्या आत बसतो आणि तो खरोखरच फेरा आहे, म्हणजे येताना वेगळा रस्ता मिळतो. दक्षिण किनाऱ्याचं तसं नाही. वीक १८७ किलोमीटरवर आहे, कुठेही न थांबता अडीच तास, आणि परतायचं त्याच रस्त्याने. डिसेंबरात या वाटेवर निघालात की जाताना तरी अंधार किंवा येताना तरी अंधार, आणि त्यात रेक्याविकमधून बाहेर पडताच हेलिशेदीचा उंच माळ लागतो, तो हिमवादळात चक्क बंद करतात. म्हणून हिवाळ्यात मी दक्षिणेला एक दिवसात जाऊन येण्याच्या विरोधात आहे. जायचंच असेल तर वीकच्या परिसरात एक रात्र काढा.

रेक्यानेसला हा प्रश्नच नाही. विमानतळ तिथेच, रेक्याविकपासून ५० किलोमीटरवर, आणि बघायच्या जागा एकमेकींपासून गाडीने थोड्या थोड्या अंतरावर.

गीझर आणि उकळती जमीन

या तिन्ही वाटांवर नियमाने उडणारा गीझर एकच आहे, गेसिर ज्या हाउकादालुर खोऱ्यात आहे तिथला स्ट्रोक्कुर. साधारण पाच ते दहा मिनिटांनी उडतो, बहुतेक वेळा पंधरा-वीस मीटर आणि कधीमधी चाळीसपर्यंत. त्याच्या शेजारचा, जगभर नावाजलेला मूळ गेसिर बहुतांशी झोपलेला असतो. २००० सालच्या भूकंपानंतर तो काही काळ जागा झाला होता, पुन्हा शांत झाला. स्ट्रोक्कुरसुद्धा सतत उडत आलेला नाही. भूकंपाने त्याची वाट बुजली होती आणि १९६३ मध्ये ती मुद्दाम साफ केली, तेव्हापासून तो इमानाने चालू आहे.

यामागचं कारण सोपं आहे. जमिनीखालच्या उभ्या नळीत पाणी साठतं आणि खालून तापतं. वरच्या पाण्याच्या वजनामुळे तळाचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. मग कुठेतरी वाफ धरते, वरचं थोडं पाणी बाहेर ढकललं जातं, दाब उतरतो आणि खालचं सगळं पाणी एका झटक्यात वाफ होऊन उसळतं.

पण पाहण्यासारखा असतो तो त्याच्या आधीचा क्षण. दोराबाहेर उभं राहिलं की गोल कुंडातलं पाणी खाली जाताना दिसतं, पुन्हा काठाला येतं, पुन्हा खाली. दोन-तीनदा नुसतीच हुलकावणी. मग अचानक मधोमध पाण्याचा निळा, गुळगुळीत फुगा वर येतो, त्याच्या आत वाफ कोंडलेली स्पष्ट दिसते आणि तो फुटतो. हा फुगा सेकंदभरही टिकत नाही. मोबाइल डोळ्यांसमोर धरून उभ्या असलेल्यांना तो बहुधा दिसतच नाही. दोघं असण्याचा फायदा इथे घ्यावा: पहिल्या उडीला एकाने व्हिडिओ काढायचा आणि दुसऱ्याने नुसतं बघायचं, पुढच्या उडीला उलट. उभं राहताना वारा पाठीवर घ्या. समोरून घेतलात तर फवारा अंगावर येतो, आणि हिवाळ्यात तो कपड्यांवर गोठतो. जमिनीवरून वाहणारे बारके ओघळही चटका देणारे असतात, त्यात बोट बुडवायची खोड असलेल्यांना आधीच दटावून ठेवावं.

रेक्यानेसला गीझर नाही, पण उकळत्या जमिनीचा दरारा तिथे जास्त आहे. गुन्नुहवेरला वाफेचा लोट इतक्या जोराने बाहेर पडतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गुन्ना नावाच्या बाईचं भूत एका पाद्र्याने युक्तीने या कुंडात घातलं अशी तिथली दंतकथा आहे, आणि त्या घोंगावणाऱ्या वाफेत उभं राहून ती खरी वाटू लागते. सेल्टूनला चिखलाची कुंडं, पिवळी, तांबडी, राखाडी माती आणि लाकडी फळ्यांची पायवाट आहे. सडक्या अंड्यांसारखा गंधकाचा वास दोन्हीकडे भरपूर, नाजूक नाकाच्या माणसाने मनाची तयारी ठेवावी. गर्दीच्या बाबतीत मात्र हाउकादालुरपेक्षा सेल्टून कितीतरी सुखाचं.

दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्यालगत या प्रकारचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. वाटेत ह्वेरागेर्दी गाव लागतं, तिथून डोंगरात तासाभराची चाल केली की रेक्यादालुर खोऱ्यात गरम पाण्याच्या ओढ्यात बसता येतं. पण त्यात अर्धा दिवस जातो, आणि वीक गाठायचं असेल तर त्याचा विचारही करू नये.

धबधबे समोरासमोर

खरी चुरस आहे ती इथे. गोल्डन सर्कलच्या बाजूने गुल्फॉस, दक्षिणेच्या बाजूने सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस. रेक्यानेस या स्पर्धेत उतरतच नाही, त्या सच्छिद्र लाव्ह्यात पाणी मुरून जातं.

गुल्फॉस ३२ मीटर उंच आहे, म्हणजे आकड्यांत तो दक्षिणेकडच्या दोघांच्या निम्मा. पण त्याचा जोर उंचीत नाही. लांगयोकुल हिमनदीकडून येणारी ह्वीता नदी पहिल्यांदा ११ मीटर कोसळते, मग वळून आणखी २१ मीटर, आणि तेही एका अरुंद घळीत. लांबून पाहिलं तर रुंद नदी वाहत येते आणि जमिनीतच गडप होते. पाणी कुठे गेलं ते कळण्यासाठी काठापर्यंत जावं लागतं. उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी १४० घनमीटर पाणी इथून जातं, हिवाळ्यात ८० च्या आसपास. हिमनदीचा गाळ असल्याने पाणी गढूळ असतं, आणि ऊन पडलं की त्याच गढूळपणाला सोनेरी झाक येते.

हा धबधबा आज आहे तसा दिसतो यालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वीजप्रकल्प बांधायचा घाट घातला गेला होता. शेजारच्या ब्राथोल्ट शेतावरची सिग्रिदुर तोमासदोत्तिर त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढली. कोर्टात तिला यश आलं नाही, पण प्रकल्पही उभा राहिला नाही. तिचे वकील स्वेन ब्यॉर्नसोन पुढे १९४४ मध्ये आइसलँडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९७९ मध्ये गुल्फॉस संरक्षित क्षेत्र ठरला. तिच्या स्मृतीचा दगड धबधब्याजवळच आहे, बहुतेक लोक त्याच्या बाजूने घाईघाईत निघून जातात.

दक्षिणेचे धबधबे वेगळ्या जातीचे. सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस दोन्ही साठ मीटरच्या आसपास उंच, आणि दोन्ही ज्या कड्यावरून पडतात तो कडा म्हणजे एके काळचा समुद्रकिनारा. जमीन वर उचलली गेली, समुद्र काही किलोमीटर मागे हटला, कडा तिथेच राहिला. रस्त्यावरून जाताना एका बाजूला सपाट कुरणं आणि दुसऱ्या बाजूला ही सरळसोट भिंत, तिच्यावरून जागोजागी पाणी सांडतंय, असं दृश्य बराच वेळ सोबत करतं. यातल्या कित्येक धबधब्यांपाशी कुणी थांबतही नाही.

सेल्यालांड्सफॉसची खासियत म्हणजे त्याच्या मागून जाता येतं. कड्याच्या पोटात खोबण आहे, पायवाट तिच्यातून जाते, आणि पाण्याच्या पडद्याच्या मागून बाहेरची कुरणं दिसतात. इथे भिजायला होतंच, ‘थोडं’ नाही, निथळण्याइतकं. जलरोधक जॅकेट सगळ्यांकडे असतं, जलरोधक विजार फार थोड्यांकडे, आणि पंचाईत होते ती विजारीचीच. छत्री आइसलँडमध्ये कुठेही उपयोगाची नाही, इथे तर मुळीच नाही. धबधब्याचं तोंड पश्चिमेकडे आहे, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन थेट पाण्यात शिरतं. याच कारणासाठी मी सेल्यालांड्सफॉस जाताना सोडून येताना बघावा असं म्हणेन, सकाळच्या बसगाड्यांची गर्दीही तोवर ओसरलेली असते. काही मिनिटांच्या चालीवर ग्ल्युफ्राबुई नावाचा धबधबा खडकाच्या फटीत लपलेला आहे. ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत आत शिरावं लागतं आणि आत उभं राहिलं की डोक्यावर गोल आभाळ आणि चहूबाजूंनी तुषार. माझ्या मैत्रिणीला नावाजलेल्या मोठ्या धबधब्यांपेक्षा हाच जास्त आवडला, आणि मला तिचं म्हणणं पटतं.

स्कोगाफॉसला मात्र लपंडाव नाही. २५ मीटर रुंद पाण्याची सरळ भिंत, पायथ्याशी सपाट मैदान, ऊन असलं तर इंद्रधनुष्य. कडेने पाचशेहून जास्त पायऱ्या वर जातात. गुडघ्यांची तक्रार असेल तर वर न गेल्याने फार काही बुडत नाही, कारण वरून दिसतो तो धबधब्याचा माथा. ज्याला चालायची हौस आहे त्याने मात्र वर जाऊन नदीच्या काठाने अर्धा-एक तास पुढे जावं. फिम्मवर्दुहाल्स खिंडीकडे जाणारी ही वाट आहे, एकामागून एक धबधबे लागतात आणि माणसं झपाट्याने कमी होतात.

तर मग कोण सरस? पाण्याची ताकद बघायची असेल तर गुल्फॉस. पाण्याच्या जवळ जायचं असेल, त्याच्या आतबाहेर करायचं असेल, तर दक्षिण किनारा, आणि माझं पारडं तिकडेच झुकतं. पण बर्फाच्या दिवसांत सेल्यालांड्सफॉसमागची वाट निसरडी झाली की बंद करतात आणि गुल्फॉसची खालची वाटही बंद असते. अशा वेळी दोन्हीकडे लांबूनच बघायचं, मग दूर जाण्यात काय अर्थ आहे?

ज्वालामुखीची जमीन: भेग, बर्फाखालची आग आणि ताजा लाव्हा

गोल्डन सर्कलमध्ये ज्वालामुखी दिसतो तो अप्रत्यक्ष. थिंगवेलिर ही उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट्यांमधली खचदरी आहे, पट्टे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधली जमीन खचत जाते. अल्मन्नाग्याऊ या घळीच्या उंच भिंतींमधून चालताना गाईड ‘एक पाय अमेरिकेत, एक युरोपात’ म्हणतात, ते ऐकायला छान आहे. खरं म्हणजे ती भिंत दरीचा पश्चिमेकडचा काठ आहे, पूर्वेकडचा काठ काही किलोमीटर पलीकडे, आणि मधला सगळा भाग कुणाचाच नाही. रेक्यानेसवरच्या ‘दोन खंडांमधल्या पुला’चंही तेच, पंधराएक मीटरचा पूल प्रतीकापुरता. फोटो काढा, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका. थिंगवेलिरचं महत्त्व दुहेरी आहे: ९३० साली इथेच अल्थिंग ही आइसलँडची संसद उघड्यावर भरू लागली, १७९८ पर्यंत भरत राहिली, आणि १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. इतिहासाची आवड असलेला सोबती असेल तर इथून तासाभरात पाय निघणार नाही, तेवढा वेळ राखून ठेवा. पाण्यात उतरायची हिंमत असणाऱ्यांसाठी सिल्फ्रा ही भेग आहे, दोन ते चार अंश तापमानाचं अतिस्वच्छ पाणी, कोरडा राहणारा सूट घालून तरंगायचं. त्यात अर्धा दिवस जातो.

परतीच्या वाटेवरचं केरिद हे विवर छोटं पण ठसठशीत आहे. लाल उतार, तळाशी पाणी, भोवती फिरायला वीस मिनिटं. तिकीट आहे. ज्वालामुखी म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं त्याच्या सगळ्यांत जवळचं गोल्डन सर्कलमध्ये हेच.

दक्षिण किनाऱ्यावर आग बर्फाखाली आहे. एयाफ्यालायोकुल हा ज्वालामुखी रस्त्यावरूनच दिसतो, २०१० च्या एप्रिलमध्ये त्याच्या राखेने युरोपभरची विमानं जमिनीवर ठेवली होती. पलीकडे मिर्दाल्सयोकुल या हिमटोपीखाली काटला ज्वालामुखी आहे, १९१८ नंतर तिचा मोठा उद्रेक झालेला नाही. काटला पेटली की बर्फ वितळून जो पूर येतो त्याने वाहून आणलेल्या राख-वाळूनेच ही काळी सपाट मैदानं घडली आहेत. सोल्हेमायोकुल ही हिमनदीची जीभ वाहनतळापासून थोड्याच चालीवर आहे, बर्फात राखेचे काळे थर ठळक दिसतात. बर्फावर मात्र वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये.

आणि वीकजवळचा रेनिस्फ्यारा किनारा. बेसॉल्टचे षट्कोनी खांब, काळे गोटे, समुद्रातले सुळके, सगळं काही कीर्तीला साजेसं. पण हा किनारा जीव घेतो, हे स्पष्ट सांगायला हवं. अटलांटिकवरून बिनअडथळा येणाऱ्या लाटांमध्ये मध्येच एखादी इतरांपेक्षा खूप आत चढते आणि परतताना पायाखालचे गोटेच ओढून नेते. इथे माणसं दगावली आहेत. वाहनतळाशी धोक्याचे दिवे लावले आहेत, लाल दिवा असेल तर खाली उतरायचंच नाही. दोघांच्या बाबतीत धोका ठरलेला: एक जण समुद्राकडे पाठ करून पोझ देतो आणि दुसरा पडद्याच्या चौकटीत गुंतलेला असतो. म्हणजे लाटेवर कुणाचीच नजर नाही. फोटो काढायचेच तर दोघांनी मागे, खांबांपासूनही दूर, उंच भागावर उभं राहून काढावेत. बेसॉल्ट शांतपणे बघायचा असेल तर शेजारच्या डिरहोलाए भूशिरावरून सगळा किनारा खाली पसरलेला दिसतो आणि मे ते ऑगस्टमध्ये पफिन पक्षीही दिसतात. घरटी करण्याच्या काळात तिथला काही भाग बंद ठेवतात.

ताजा लाव्हा मात्र रेक्यानेसचाच. सुमारे आठशे वर्षं शांत राहिलेलं हे द्वीपकल्प १९ मार्च २०२१ ला फाग्रादाल्सफ्यात्लपाशी फुटलं, नंतर २०२२ आणि २०२३ मध्येही. १० नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव रातोरात रिकामं करावं लागलं, १८ डिसेंबरला सुंधनुकुरच्या विवररांगेतून लाव्हा उसळला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो गावातल्या काही घरांपर्यंत पोहोचला. पुढे २०२५ पर्यंत उद्रेकांचं सत्र चालू राहिलं. लाव्ह्याने रस्ते कापले, माणसांनी त्याच लाव्ह्यावर नवे बांधले. ब्लू लॅगून या गरम पाण्याच्या स्नानकुंडाकडे जाताना दोन्ही बाजूंना काळा, कोळशाचा ढीग ओतावा तसा खडबडीत लाव्हा आणि त्याला अडवायला घातलेले मातीचे प्रचंड बांध दिसतात. ब्लू लॅगूनचं पाणीही नैसर्गिक झऱ्याचं नाही, शेजारच्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक केंद्रातून येतं, आणि तिकीट आधी काढल्याशिवाय जाऊ नये.

द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या ४२७ क्रमांकाच्या रस्त्यावर नाथागी दरीपाशी २०२१ चा लाव्हा थोड्या चालीवर भेटतो. जवळून पाहिलं तर त्याच्यात दोन जाती दिसतात. काही ठिकाणी दोरखंड पिळल्यासारखा गुळगुळीत, काही ठिकाणी सुरीसारख्या धारेचा भुगा. त्यावर चढायचं नाही, वरची साय पातळ असते आणि आत पोकळी किंवा उष्णता असू शकते. बाजूच्या जुन्या लाव्ह्यावर राखाडी-हिरवं जाड शेवाळ वाढलेलं असतं, त्यावरही पाय देऊ नये. एकदा खरवडलं गेलं की भरून यायला अनेक दशकं लागतात.

वाहता लाव्हा बघायला मिळेल या आशेवर मात्र सहल आखू नका. उद्रेक चालू असला तरी वायू आणि वाऱ्यामुळे वाटा बंद असू शकतात, ग्रिंडाविकच्या प्रवेशाचे नियमही परिस्थितीप्रमाणे बदलतात.

गाडी की बस?

दोघं असाल तर हा प्रश्न तीन वाटांसाठी वेगवेगळा सुटतो. गोल्डन सर्कलला बस चालते. थांबे ठरलेले, रस्ते चांगले, गेसिर आणि गुल्फॉस दोन्हीकडे छपराखाली बसून गरम सूप मिळतं. लौगारवात्नला गरम वाळूत पुरून भाजलेला राय ब्रेड तेवढा बसवाल्यांच्या वाटेत बहुधा येत नाही. दक्षिणेला बस उन्हाळ्यात जाचते, कारण जिथे रेंगाळावंसं वाटतं तिथे अर्ध्या तासात हाक येते. हिवाळ्यात हेच उलट, बर्फावर गाडी हाकायची सवय नसलेल्यांनी निमूटपणे बसमध्ये बसावं. रेक्यानेसला गाडीच हवी.

पैशाच्या दृष्टीने दोघांची बसची तिकिटं आणि लहान गाडीचं एक दिवसाचं भाडं, पेट्रोल, पार्किंग यांत फार तफावत पडत नाही. तिघं झालात की गाडी निर्विवाद स्वस्त. थिंगवेलिर, सेल्यालांड्सफॉस, रेनिस्फ्यारा अशा ठिकाणी पार्किंगला हजार आइसलँडिक क्रोनांच्या आसपास पडतात, नंबरपाटी कॅमेरा टिपतो, त्यामुळे ‘कुणी बघत नाही’ हा हिशेब चुकतो. माणूस नसलेल्या पंपांवर पिन असलेलं कार्ड लागतं.

गाडी उजव्या बाजूने चालते, दिवे दिवसाही लावलेले हवेत. गावाबाहेर डांबरी रस्त्याला ९०, खडीच्या रस्त्याला ८०, गावात ५० ही मर्यादा. रस्ता सोडून गाडी घालणं गुन्हा आहे, काळी वाळू कितीही मोकळी दिसो. आणि दार. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी तुटणं हा इथला नेहमीचा अपघात आहे आणि बहुतेक विम्यांत तो बसत नाही. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, दोघांनी एकाच वेळी दारं उघडायची नाहीत, आणि दाराची मूठ सोडायची नाही.

उत्तरेचं काय?

मीवात्न तळं, देत्तिफॉस धबधबा, क्राप्ला ज्वालामुखी या उत्तरेकडच्या नावांचा मोह होतो, आणि खरं सांगायचं तर उकळती जमीन, विवरं आणि दणदणीत धबधबा हे तिन्ही एकमेकांजवळ बघायचं तर आइसलँडमध्ये त्याहून चांगली जागा नाही. पण उत्तरेचं मुख्य शहर अकुरेरी रेक्याविकपासून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. तिकडे तीन-चार दिवस देता येत असतील तरच बोलावं.

सोबत्याचा स्वभाव

उजेड आणि हवा जुळत असेल, तर मग खुशाल आवडीनिवडीवर या. सतत गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्याला दक्षिण किनारा मानवतो, पण त्याच्याबरोबर वीक गाठायला सकाळी सातला निघावं लागतं. थंडीने कुडकुडणाऱ्या, दर दोन तासांनी कॉफी हवी असणाऱ्या सोबत्याला गोल्डन सर्कल. माणसांच्या गर्दीचा तिटकारा असणाऱ्याला रेक्यानेस, आणि तिथे जाऊन ‘इथे आहे काय?’ असं विचारणाराही भेटतो, कारण दगड आणि वाफ यांपलीकडे तिथे मनोरंजन नाही. मला स्वतःला तिथे सगळ्यांत जास्त वेळ काढता येतो. माझी मैत्रीण मात्र क्लेफारवात्न तळ्यापाशी गाडीत बसून राहिली होती.

दोन दिवस असतील तर एक गोल्डन सर्कलला आणि एक दक्षिणेला द्या, पण कुठला आधी हे घरून ठरवून जाऊ नका. आदल्या रात्री हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज आणि रस्ते खात्याचा नकाशा, दोन्ही उघडा. दोहोंतला शांत दिवस दक्षिणेला राखून ठेवा, कारण वारा सुटला तर हाल तिथेच जास्त होतात, आणि गेसिरला निदान शेजारी एक छप्पर असतं. दोन्ही दिवस वादळी दिसले तर दक्षिण सोडून द्या, आणि दुसरा दिवस रेक्यानेसला.